ओकेफिनोकी : दलदलीतला मुक्काम आणि टेकाडावरची खाण

- विशेष प्रतिनिधी

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात पसरलेल्या ओकेफिनोकी दलदलीत रात्री मुक्काम करू इच्छिणाऱ्याला परवाना लागतो. एका मचाणावर एका रात्री एकाच गटाला उतरता येते. पिण्याचे पाणी सोबत न्यावे लागते, केरकचरा परत आणावा लागतो. माणसाच्या वावरावर एवढी बारीक नजर ठेवणाऱ्या व्यवस्थेला, दलदलीच्या सीमेपासून पाच किलोमीटरहूनही कमी अंतरावर जमीन सुमारे पन्नास फूट खोल खणण्याचा प्रस्ताव मात्र कायद्याच्या बळावर थांबवता आला नाही. जून २०२५ मध्ये तो बेत मागे पडला, तो एका संस्थेने सुमारे सहा कोटी डॉलर मोजून जमीन विकत घेण्याचे जाहीर केल्यामुळे. पर्यावरणप्रेमींनी या बातमीचे स्वागत केले, ते स्वाभाविकच आहे. परंतु या व्यवहाराने सोडवलेल्या प्रश्नापेक्षा त्याने उघडा पाडलेला प्रश्न मोठा आहे.

वीस बाय अठ्ठावीस फुटांची जमीन

ओकेफिनोकीतील मुक्काम म्हणजे नेहमीचे 'कॅम्पिंग' नव्हे. तेथे गाडी जात नाही, वीज नाही, नळ नाही. होडीत सामान भरून सकाळी निघायचे, काळ्याशार पाण्यातून दिवसभर वल्हवत जायचे आणि सूर्यास्तापूर्वी ठरलेले ठिकाण गाठायचे. बहुतेक ठिकाणी पाय ठेवायला कोरडी जमीनच नसते. त्यामुळे पाण्यात खांब रोवून वीस फूट बाय अठ्ठावीस फुटांची लाकडी मचाणे उभारली आहेत. त्यांच्या काही भागावर छप्पर आहे, बाजूला साधे शौचालय. तंबूच्या खुंट्या ठोकायला माती नसल्याने स्वतःच्या आधारावर उभा राहणारा तंबू न्यावा लागतो. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत मचाण सोडून भटकायची परवानगी नाही. मगरीच्या कुळातील ॲलिगेटर येथे मोठ्या संख्येने आहेत. त्यांना खाऊ घालण्यास आणि पाण्यात पोहण्यास मनाई आहे. शेकोटीही ठरावीक ठिकाणीच पेटवता येते.

या साऱ्या गैरसोयींच्या बदल्यात मिळते ती आजच्या जगात दुर्मीळ झालेली गोष्ट : संपूर्ण अंधार आणि यंत्राचा आवाज नसलेली रात्र. बेडकांचा गजर, घुबडांची साद, वसंत ऋतूत ॲलिगेटरांचे घोगरे हुंकार आणि डोक्यावर ताऱ्यांनी भरलेले आकाश. दलदलीच्या पश्चिम प्रवेशद्वारापाशी असलेल्या स्टीफन सी. फॉस्टर राज्य उद्यानाला २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, ती याच अंधारामुळे.

ओकेफिनोकी हे नाव येथील मूळ रहिवाशांच्या हिचिटी भाषेतून आलेले आहे. 'थरथरणारी जमीन' असा त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे सांगितला जातो. हे केवळ कविकल्पनेतून आलेले वर्णन नाही. पाण्यात कुजून साठलेल्या वनस्पतींचा, म्हणजे 'पीट'चा, थर येथे काही ठिकाणी पंधरा फुटांपर्यंत जाड आहे. कुजण्याच्या क्रियेत तयार होणारा वायू या थराचे तुकडे तळापासून उचलून वर आणतो. त्यावर गवत उगवते, मग झुडपे वाढतात आणि एक तरंगते बेट तयार होते. त्यावर कोणी पाय आपटला, तर जवळची झाडे हलतात. पाण्याचा काळा रंगही कुजलेल्या पानांतून उतरणाऱ्या टॅनिनचा. चहाच्या पत्तीने पाण्याला रंग यावा तसा.

संपूर्ण दलदलीचे क्षेत्र सुमारे ७०० चौरस मैल, म्हणजे अठराशे चौरस किलोमीटर आहे. त्यातील चार लाख एकरांहून अधिक भाग राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात मोडतो आणि त्यातील साडेतीन लाख एकरांहून अधिक क्षेत्राला १९७४ मध्ये संसदेने 'वाइल्डरनेस'चा दर्जा दिला. वाइल्डरनेस म्हणजे निखळ रानप्रदेश. अमेरिकेच्या १९६४ च्या कायद्यानुसार अशा प्रदेशात माणूस पाहुणा म्हणून येतो, वस्तीला राहत नाही. वीस बाय अठ्ठावीस फुटांचे मचाण हे त्या तत्त्वाचे लाकडात उतरलेले रूप म्हणावे लागेल.

कालवा खणला, दलदल उरली

या दलदलीकडे पूर्वी कोणी या दृष्टीने पाहत नव्हते. पाणथळ जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन, हाच एकोणिसाव्या शतकाचा समज होता. १८९१ मध्ये 'सुवानी कॅनॉल कंपनी'ने जॉर्जिया राज्याकडून एकरी पाव डॉलरच्या आसपास दराने दलदलीचा मोठा भाग विकत घेतला. पाण्याचा निचरा करायचा, सायप्रसची झाडे तोडायची आणि उरलेल्या जमिनीवर शेती करायची, असा बेत होता. हॅरी जॅक्सन हे या योजनेचे प्रमुख होते. वाफेवर चालणारी यंत्रे लावून दलदलीत सुमारे अकरा-बारा मैल लांबीचा कालवा खणण्यात आला. परंतु दलदलीचे पाणी पूर्वेकडील सेंट मेरीज नदीत सोडायचे, तर वाटेतला 'ट्रेल रिज' हा रेतीचा उंचवटा कापणे भाग होते. तेथे खणलेल्या चराच्या कडा ढासळत राहिल्या, पैसा संपत गेला. १८९५ मध्ये जॅक्सन यांचे निधन झाले आणि त्यानंतर योजना गुंडाळली गेली. लोकांनी तिला 'जॅक्सनचा वेडेपणा' असे नाव दिले.

आज पूर्वेकडील प्रवेशद्वारातून मुक्कामाला निघणारे पर्यटक याच कालव्यातून होडी वल्हवत आत जातात. दलदल नष्ट करण्यासाठी खणलेली वाट दलदल पाहण्याची वाट झाली आहे.

कालवा फसला तरी कुऱ्हाड थांबली नाही. १९०९ ते १९२७ या काळात हेबार्ड कुटुंबाच्या लाकूड कंपनीने पाण्यात खांब रोवून त्यावर रेल्वेमार्ग टाकला आणि शतकानुशतके वाढलेले सायप्रस वृक्ष मोठ्या प्रमाणावर तोडून नेले. पुढे १९३० च्या दशकात दलदलीतून जहाजांसाठी कालवा नेण्याची कल्पना पुढे आली. निसर्ग अभ्यासक फ्रान्सिस हार्पर यांच्या पत्नी जीन हार्पर यांनी पूर्वी रूझवेल्ट कुटुंबातील मुलांना शिकवले होते. त्या ओळखीचा आधार घेऊन त्यांनी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पत्र लिहिले व दलदल वाचवण्याची विनंती केली. १९३७ मध्ये रूझवेल्ट यांच्या आदेशाने अभयारण्य स्थापन झाले. त्याही वेळी दलदलीला वाचवण्यात नियमापेक्षा ओळखीचा वाटा मोठा होता, ही बाब पुढील घटनांच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

रेतीचा बांध

जॅक्सन यांना हरवणारा ट्रेल रिज हाच आजच्या वादाचा केंद्रबिंदू आहे. प्राचीन समुद्रकिनाऱ्याचा अवशेष असलेला हा रेतीचा पट्टा सुमारे शंभर मैल लांब असून दलदलीच्या पूर्व कडेला तो बांधासारखा उभा आहे. दलदलीत येणारे बहुतांश पाणी पावसाचे असते. ते पूर्वेकडे थेट वाहून न जाता बशीसारख्या खोलगट भागात साचून राहते, याचे श्रेय या पट्ट्याकडे जाते. साठलेल्या पाण्यापैकी बहुतेक पाणी सुवानी नदीतून मेक्सिकोच्या आखाताच्या दिशेने आणि थोडे सेंट मेरीज नदीतून अटलांटिक महासागराकडे जाते.

याच रेतीत टायटॅनियमयुक्त खनिजे आणि झिरकॉन आहेत. टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढऱ्या रंगाचा मुख्य घटक. घरांच्या भिंतींना लावण्याचे रंग, प्लास्टिक, कागद, टूथपेस्ट अशा असंख्य वस्तूंना शुभ्रता देण्याचे काम तो करतो. कोकणच्या किनाऱ्यावर, रत्नागिरी परिसरातील काळसर वाळूत सापडणारे इल्मेनाइट हेही याच कुळातील खनिज. ट्रेल रिजच्या फ्लोरिडातील टोकाशी 'ड्यूपाँ' कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस या खनिजाचे उत्खनन सुरू केले होते. त्यामुळे खाण उत्तरेकडे सरकत ओकेफिनोकीच्या दारात येणार, हे जवळपास ठरलेलेच होते.

नव्वदच्या दशकात ते घडले. ड्यूपाँने दलदलीलगत मोठी खाण काढण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर विरोधाची लाट उसळली. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या मंत्रिमंडळातील गृह खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांनी १९९७ मध्ये जाहीर विरोध नोंदवला. कंपनीने माघार घेतली आणि २००३ मध्ये सुमारे सोळा हजार एकर जमीन 'द कॉन्झर्व्हेशन फंड' या संस्थेच्या हवाली केली. प्रश्न मिटला, असे तेव्हा मानले गेले.

कायद्याची ये-जा

तो मिटला नव्हता. २०१९ मध्ये अलाबामातील 'ट्विन पाइन्स मिनरल्स' या कंपनीने ट्रेल रिजवर खाणीसाठी अर्ज केला. आधी दोन हजार एकरांहून मोठ्या असलेल्या योजनेचा पहिला टप्पा पुढे आठशे एकरांच्या आसपास आणण्यात आला. रेती सुमारे पन्नास फुटांपर्यंत खणायची, खनिज वेगळे काढायचे आणि उरलेली रेती पुन्हा खड्ड्यात भरायची, अशी ही पद्धत. यामुळे दलदलीला धोका पोहोचणार नाही, असे कंपनी सातत्याने सांगत राहिली.

शास्त्रज्ञांचा आक्षेप दोन मुद्द्यांवर होता. ट्रेल रिजची रेती एकसंध नाही. तिच्यात कमी-अधिक पाणी झिरपू देणारे थर एकावर एक रचलेले आहेत. ती उपसून, मिसळून परत भरली, की थरांची ही रचना कायमची मोडते. दुसरा मुद्दा पाण्याच्या उपशाचा. खाणीसाठी खोल भूजलातून दिवसाला सुमारे १४ लाख गॅलन, म्हणजे पन्नास लाख लिटरहून अधिक पाणी काढण्याची योजना होती. या उपशामुळे दलदलीच्या आग्नेय भागातील तीव्र अवर्षणाचे प्रमाण तिपटीने वाढू शकते, असा इशारा जॉर्जिया विद्यापीठाचे जलशास्त्रज्ञ ऱ्हेट जॅक्सन यांनी दिला. राज्याच्या पर्यावरण संरक्षण विभागाला हे मान्य नव्हते. विभागाच्या गणितानुसार परिणाम नगण्य होता.

अवर्षण हा येथे केवळ पाण्याचा प्रश्न नसतो, आगीचा प्रश्न असतो. पाणी उतरले, की पीट वाळते आणि वाळलेले पीट जमिनीखाली महिनोन्महिने धुमसत राहते. २०११ मध्ये लागलेल्या 'हनी प्रेअरी' आगीत तीन लाख एकरांहून अधिक क्षेत्र होरपळले आणि ती पूर्णपणे विझायला सुमारे वर्ष लागले. २०१७ च्या 'वेस्ट मिम्स' आगीत दीड लाख एकरांच्या आसपास क्षेत्र जळाले. ठरावीक काळाने लागणारी आग या दलदलीच्या जीवनचक्राचाच भाग आहे. तिच्यामुळे झाडोरा विरळ होतो आणि पाण्याच्या मोकळ्या जागा टिकतात. परंतु माणसाने पाण्याची पातळी खाली नेली, तर हे चक्र बिघडते. मचाणापर्यंत जाणाऱ्या वाटाही पाणी उतरले की बंद पडतात. तेव्हा मुक्कामाचा परवाना हाती असून उपयोग नसतो.

संघराज्याच्या कायद्याने येथे काय केले, हे पाहिले म्हणजे वादाचे मूळ उलगडते. दलदलीच्या हद्दीत वाइल्डरनेस कायदा लागू होता. ट्रेल रिजची जमीन मात्र खासगी होती. तेथे सरकारचा हात पोहोचत होता तो फक्त त्या जमिनीवरील पाणथळ जागांपुरता, जलप्रदूषणविषयक कायद्यामार्फत. २०२० मध्ये ट्रम्प प्रशासनाने त्या कायद्याची व्याप्ती आकुंचित करणारा नियम आणला आणि खाणीच्या जागेतील सुमारे ४०० एकर पाणथळ जमीन एका झटक्यात संरक्षणाबाहेर गेली. जून २०२२ मध्ये बायडेन प्रशासनाने तो निर्णय फिरवला. या भूमीशी वडिलोपार्जित नाते असलेल्या मस्कोगी (क्रीक) राष्ट्राशी सल्लामसलत झाली नव्हती, हे त्याचे कारण देण्यात आले. कंपनी न्यायालयात गेली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तडजोड होऊन पहिलाच निर्णय पुन्हा लागू झाला. मे २०२३ मध्ये 'सॅकेट' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाणथळ जागांवरील संघराज्याचा अधिकार आणखी अरुंद केला.

म्हणजे तीन वर्षांत त्याच जमिनीचे कायदेशीर स्वरूप पुन्हा पुन्हा बदलले. जमिनीत काहीही बदल झाला नव्हता. बदलले होते ते वॉशिंग्टनमधील वारे.

निर्णय मग राज्याच्या हाती आला. जॉर्जियाच्या पर्यावरण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये खाण परवान्यांचे मसुदे जाहीर केले. ट्रेल रिजवरील खाणकामाला आळा घालणारी विधेयके विधिमंडळात मांडली गेली, दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी त्यांना पाठिंबाही दिला. परंतु त्यांचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

खाण थांबली, पण कशी?

या पार्श्वभूमीवर जून २०२५ मध्ये द कॉन्झर्व्हेशन फंडने ट्विन पाइन्सची सुमारे आठ हजार एकर जमीन खरेदी करण्याचे जाहीर केले. किंमत सुमारे सहा कोटी डॉलर. देणगीदारांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने खाण कंपनीला जमिनीचे मोल देऊन बाजूला केले, आणि सहा वर्षांचा संघर्ष एका खरेदीखताने संपुष्टात आला.

या व्यवहाराचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. शासन हलत नव्हते, न्यायालयाची वाट अरुंद झाली होती. अशा वेळी ज्यांनी निधी उभा केला, त्यांनी खात्रीचा मार्ग निवडला. तथापि तीस वर्षांत दुसऱ्यांदा तीच दलदल जमीन हस्तांतरित होऊन वाचली आहे, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. ड्यूपाँच्या वेळी कंपनीने जमीन दिली, ट्विन पाइन्सच्या वेळी ती विकत घ्यावी लागली. दोन्ही वेळा खाणीला 'नाही' म्हणणारा नियम तयार झाला नाही. उलट, दलदलीलगतची जमीन घेऊन परवान्यासाठी अर्ज केला, तर अखेरीस चांगला ग्राहक मिळतो, असा अर्थ कोणी काढला, तर त्याला दोष कसा देणार?

ट्रेल रिजचा मोठा भाग आजही खासगी मालकीचा आहे. खनिज तेथेच आहे आणि जगात पांढऱ्या रंगाची मागणी कमी होण्याची चिन्हे नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये अभयारण्याची खरेदीयोग्य सीमा सुमारे बावीस हजार एकरांनी वाढवण्यास संघराज्याच्या वन्यजीव खात्याने मंजुरी दिली. मात्र अशी सीमा आखल्याने जमीन आपोआप सरकारची होत नाही. मालक विकायला तयार असेल आणि तिजोरीत पैसा असेल, तरच ती घेता येते.

ओकेफिनोकीला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीसाठी नामांकन देण्याची घोषणा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. तिचे नाव १९८२ पासून प्रतीक्षेतल्या यादीत होते. वारशाचा मान मिळाल्यास दलदलीची कीर्ती वाढेल, पर्यटकही वाढतील. परंतु शेजारच्या खासगी जमिनीवरील खाण रोखण्याचा अधिकार अशा मानाने मिळत नाही.

स्थानिकांचे काय?

या वादात एक तिसरा पक्षही आहे आणि त्याच्याकडे शहरी निसर्गप्रेमींचे सहसा लक्ष जात नाही. दलदलीचा बराच भाग ज्या चार्लटन काउंटीत येतो, ती लहान लोकसंख्येची, मर्यादित उत्पन्नाची काउंटी आहे. तिच्या क्षेत्राचा मोठा हिस्सा संघराज्याच्या मालकीचा असल्याने त्यावर स्थानिक कर बसत नाही. रोजगाराचे प्रमुख आधार म्हणजे लाकूड व्यवसाय आणि फोकस्टन गावाजवळचा खासगी तुरुंग, ज्याचा वापर स्थलांतरितांच्या स्थानबद्धतेसाठी होतो. अशा ठिकाणी शेकडो नोकऱ्यांचे आश्वासन देणाऱ्या खाणीला काउंटीच्या प्रतिनिधींनी पाठिंबा दिला, यात आश्चर्य नाही.

पर्यटन हे त्यावरचे उत्तर आहे, असे सांगितले जाते. अभयारण्याला दरवर्षी चार लाखांच्या आसपास लोक भेट देतात. परंतु त्यातील बहुतेक दिवसभर फिरून परततात. रात्रीच्या मुक्कामाची संख्या तर मुद्दामच तुटपुंजी ठेवलेली आहे. एका मचाणावर एकच गट, हा नियम सैल करून उत्पन्न वाढवता येईल. पण मग ज्या एकांतासाठी माणसे येतात, तोच उरणार नाही. रानप्रदेश राखण्याची किंमत अशी शेजारच्या गावाला मोजावी लागते आणि त्याचा आनंद दूरच्या शहरातून आलेला पाहुणा घेतो. सहा कोटी डॉलर खाण कंपनीसाठी उभे राहतात, तर करबुडीची भरपाई आणि स्थानिक रोजगार यांसाठीही काही उभे राहायला हवे, ही काउंटीची अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. ती पूर्ण झाली नाही, तर पुढच्या खाण कंपनीचे स्वागतही तितक्याच उत्साहाने होईल.

सीमेबाहेरचे पाणी

राखीव जागेभोवती रेघ ओढायची, आत कडक नियम करायचे आणि रेघेबाहेरचे बाजारावर सोडायचे, अशी संरक्षणाची रीत गेल्या शतकात रूढ झाली. डोंगर-शिखरांच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी चालते. पाणथळ जागांच्या बाबतीत चालत नाही, कारण पाण्याला रेघ कळत नाही. दलदलीची पातळी ठरते ती तिच्या कडेला असलेल्या रेतीच्या बांधावर आणि तिच्या खालच्या भूजलावर. यांपैकी बांधाचा मोठा भाग अभयारण्याबाहेर आहे आणि भूजल काढण्याचा परवाना देणारे कार्यालय राज्याचे आहे. अंधाराचेही तसेच. टेकाडावर रात्रभर दिवे जळू लागले, तर मचाणावरील कंदील लवकर मालवण्याने आकाश काळे राहणार नाही.

ट्रेल रिजवरील उत्खननाबाबत राज्याने स्वतःचा कायमस्वरूपी नियम करणे, हा यावरचा सरळ उपाय आहे. भूजल उपशाचा परवाना देताना दलदलीची पातळी हा बंधनकारक निकष ठरवणे, हा दुसरा. दोन्हींसाठी लागणारा अभ्यास गेल्या सहा वर्षांच्या वादात बराचसा होऊन गेला आहे. दोन्ही पक्षांतील काही आमदारांची तयारीही दिसून आली आहे. खरेदीखतामुळे मिळालेली उसंत त्यासाठी वापरली जाते की खाण टळली म्हणून विषय बासनात गुंडाळला जातो, यावर ओकेफिनोकीचे भवितव्य ठरेल.

जॅक्सन यांच्या यंत्रांना या टेकाडाच्या ढासळत्या रेतीने थांबवले. आजच्या यंत्रांना रेती थांबवू शकत नाही. तोवर मुक्कामाला येणारा पाहुणा आपला कचरा पिशवीत बांधून परत नेत राहील. त्याच्या मचाणाखालचे पाणी मात्र पुढच्या अर्जदाराच्या आणि पुढच्या देणगीदाराच्या भरवशावर असेल.